अवघड जागीचें दुखणें : शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांची साधनचिकित्सा

‘अवघड जागीं दुखणें आणि जावई वैद्य’ अशी आपल्या भाषेंत एक जुनी म्हण आहे. म्हण विनोदाची आहे व ती ऐकून लोक हंसतात. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें ती हंसण्यावारी न नेतां एखाद्या कागदासारखी वाचली पाहिजे. दुखणें आहे, वैद्यहि घरांतलाच आहे, आणि तरीहि दुखण्याची वाच्यता होऊं शकत नाहीं, असा पेंच तींत नोंदलेला आहे. ज्या दुखण्याची वाच्यता होत नाहीं त्याचा कागद होत नाहीं, आणि ज्याचा कागद नाहीं तें घडलेंच नाहीं असें मानण्याची आपणां संशोधकांस थोडीबहुत संवय आहे. प्रस्तुत लेखांत आम्ही अशाच एका दुखण्यावरील शस्त्रक्रियेचा, आणि विशेषतः त्या शस्त्रक्रियेनंतर रोगिणी बरी होण्याच्या काळाचा, इतिहास मांडणार आहों. हें दुखणें म्हणजे स्त्रीच्या योनिमुखाची जुनाट वेदना होय.

विषय संकोचाचा आहे हें आम्ही जाणतों. परंतु पटकी, देवी व प्लेग ह्यांचा इतिहास लिहितांना जो संकोच वाटत नाहीं तो येथेंच कां वाटावा, ह्या प्रश्नाचें उत्तर ह्या इतिहासांतच दडलेलें आहे. आमचें प्रतिपाद्य थोडक्यांत असें आहे कीं, ह्या शस्त्रक्रियेचा इतिहास आजवर शस्त्राच्या बाजूनें लिहिला गेला. शस्त्र केव्हां चाललें, कोणीं चालविलें व किती कापलें ह्याची नोंद आहे. त्यानंतरच्या आठवड्यांची व महिन्यांची नोंद फार उशिरां सुरू झाली. आणि ती सुरू झाली तेव्हां ‘बरें झालें’ ह्या दोन शब्दांचा अर्थच बदलून गेला.

(१) दुखणें कोणतें

स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियास संस्कृत वैद्यकांत भग म्हणतात. त्याच्या आंतल्या ओठांच्या आड, योनीच्या तोंडाभोवतीं, एक अरुंद व नाजूक पट्टा असतो. पाश्चात्य वैद्यकांत त्यास ‘व्हेस्टिब्यूल’ असें लॅटिन मुळाचें नांव आहे. त्याचा मूळ अर्थ घराच्या दाराशीं असणारी प्रवेशाची जागा, म्हणजे आपल्या वाड्याची देवडी. ह्या लेखांत आम्ही त्या पट्ट्यास देवडी असेंच म्हणणार आहों. बाहेरची कातडी व देवडी ह्यांमधील सीमेस एडिंबरोचे वैद्य डेव्हिड बेरी हार्ट ह्यांच्या नांवावरून ‘हार्टची रेषा’ म्हणतात. ही रेषा केवळ दिसण्यापुरती नाहीं. गर्भावस्थेंत बाहेरची कातडी एका थरापासून व देवडी दुसऱ्या थरापासून बनते. रेषेच्या बाहेर जो स्पर्श सहज सोसतो, तोच स्पर्श रेषेच्या आंत झाला असतां स्त्री कळवळते, असें ह्या दुखण्यांत पुष्कळदां आढळतें.

परीक्षा अगदीं साधी आहे. टोंकास कापूस गुंडाळलेल्या बारीक काडीनें देवडीवर ठिकठिकाणीं हलकेंच दाबावयाचें आणि वेदना कोठें व किती होते हें विचारावयाचें. ‘विचारावयाचें’ हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. रक्ताच्या तपासणींत किंवा क्ष-किरणाच्या चित्रांत ही वेदना दिसत नाहीं. संसर्ग, त्वचेचा रोग, अर्बुद इत्यादि इतर कारणें वगळण्यास त्या तपासण्या उपयोगी पडतात. वेदनेचा पुरावा मात्र रोगिणीच्या उत्तरावांचून दुसरा नाहीं. इतर कारण न सांपडतां वेदना तीन महिने वा अधिक टिकली तर तीस आज ‘व्हल्व्होडिनिया’ म्हणतात, व ती देवडीपुरतीच असेल तर ‘व्हेस्टिब्युलोडिनिया’ म्हणतात.

आपल्या प्राचीन वैद्यकाकडे वळलें तर चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायांत व सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्राच्या अडतिसाव्या अध्यायांत वीस योनिव्यापदांची गणना आहे. त्यांतील वातला नांवाच्या व्यापदांत टोंचणी लागणें व मुंग्या चालल्यासारखें वाटणें हीं लक्षणें चरकानें दिलीं आहेत. परिप्लुतेंत स्पर्श सोसत नाहीं असें तो सांगतो, आणि सुश्रुत त्याच नांवाखालीं समागमकाळच्या तीव्र वेदनेचा निर्देश करतो. ह्यावरून आजचा रोग प्राचीनांस जसाच्या तसा ठाऊक होता असें म्हणण्याचें साहस आम्ही करणार नाहीं. परिप्लुतेच्या वर्णनांत सूज व इतर लक्षणेंहि आहेत व तीं ह्या दुखण्याशीं जुळत नाहींत. सिद्ध होतें तें इतकेंच कीं, स्पर्श न सोसणें ही रोगिणीनें सांगितल्यावांचून न कळणारी गोष्ट त्या ग्रंथकारांनीं लक्षण म्हणून स्वीकारली, आणि तीवर तेलांत भिजविलेला पिचु ठेवणें इत्यादि स्नेहनाचे उपचार सांगितले. सांगणारीचें म्हणणें त्यांनीं खोटें मानलें नाहीं, हा मुद्दा पुढील इतिहासाच्या दृष्टीनें लहान नाहीं.

(२) सिम्सचा दाखला व त्याची किंमत

ह्या जागीं शस्त्र चालविण्याचा अर्वाचीन इतिहास जेम्स मॅरियन सिम्स ह्या अमेरिकन शस्त्रवैद्यापासून सांगण्याचा प्रघात आहे. १८६१ सालीं लंडनच्या प्रसूतिशास्त्रमंडळापुढें आलेल्या आपल्या निबंधांत त्यानें ‘व्हजायनिस्मस’ हें नांव प्रथम रूढ केलें. अशा रोगिणींच्या योनिद्वारास पिसाचा स्पर्शहि असह्य होतो असें त्याचें वर्णन आहे. त्यानें पाहिलेल्या पहिल्या स्त्रीच्या विवाहास पंचवीस वर्षें होऊन गेलीं होतीं, व इतक्या वर्षांत पतिपत्नींचा समागम होऊं शकला नव्हता. सिम्सनें योजिलेला उपाय असा होता : योनिद्वारावरील पडदा कापून काढणें, द्वाराच्या स्नायूस दोन्ही बाजूंनीं छेद देणें, आणि नंतर कित्येक दिवस सकाळसंध्याकाळ कांहीं तास कांचेची एक निमुळती नळी आंत ठेवणें, जेणेंकरून जखम भरतांना द्वार आकुंचित होऊं नये.

ही कांचेची नळी म्हणजे शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांचा आमच्या पाहण्यांतील पहिला स्पष्ट दाखला होय. ती किती लांब असावी व किती तास ठेवावी हें सिम्सनें बारकाईनें लिहून ठेविलें आहे. ती ठेवून पडून राहिलेल्या स्त्रीस त्या तासांत काय होत होतें ह्याविषयीं मात्र तिचा स्वतःचा एकहि शब्द तेथें नाहीं. उलट, इतक्या सुलभपणें, निर्धोकपणें व निश्चितपणें बरें होणारें दुसरें गंभीर दुखणें आपणांस ठाऊक नाहीं, असा सिम्सचा निर्वाळा आहे.

निर्वाळा देणारा व श्रेय घेणारा एकच असला म्हणजे साधनचिकित्सेचा पहिला नियम सावधगिरीचा असतो. बखरकारानें आपल्या धन्याचा विजय वर्णिला तर आपण शत्रूकडील कागद शोधतों. येथें दुसऱ्या बाजूचा कागदच नाहीं. सिम्सच्याच १८६६ सालच्या ग्रंथांत एका दांपत्याची हकीकत आहे. पत्नीस वेदना असह्य होत असल्यामुळें वैद्यानें आठवड्यांतून दोन-तीन वेळां घरीं जाऊन तिला ईथरनें बेशुद्ध करावें व त्या अवस्थेंत समागम घडावा, असा क्रम तेथें चालला होता. अपत्य व्हावें हा हेतु. ह्या हकीकतींत दुखणें बरें करण्याचा प्रयत्न नाहीं. दुखण्याचा अडथळा दूर करण्याचा आहे. वेदनेचें माप कोणाच्या सोयीनें घेतलें जात होतें हें ह्यावरून स्पष्ट दिसतें.

ह्याच शस्त्रवैद्याच्या पूर्वायुष्यांतील एक प्रकरण येथें सांगितलें पाहिजे. तें दुखणें निराळें आहे, परंतु साधनांतील उणीव तीच आहे. १८४५ ते १८४९ ह्या काळांत अलाबामा प्रांतांतील माँटगमरी येथें सिम्सनें प्रसूतींत मूत्राशय व योनि ह्यांमध्यें पडणाऱ्या भगंदरावर शस्त्रक्रियेचे प्रयोग केले. ते ज्यांच्यावर केले त्या स्त्रिया गुलाम होत्या. त्यांपैकीं अनार्का, बेट्सी व लूसी ह्या तिघींचीं नांवें सिम्सनेंच नोंदलीं आहेत. अनार्का हिच्यावर तीस वेळां शस्त्रक्रिया झाली. ईथरचा उपयोग १८४६ सालीं प्रसिद्ध झाला होता, तरी ह्या शस्त्रक्रिया बधिरीकरणावांचून झाल्या. नंतर मलावरोध राहावा म्हणून त्यांस अफू देत व मूत्रनलिका ठेवून अनेक दिवस पडून राहावयास लावीत. त्या स्त्रियांनीं ह्या दिवसांविषयीं काय म्हटलें असतें हें सांगणारा कागद नाहीं, कारण त्यांच्या संमतीचाच कागद कोणी मागितला नव्हता. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील सिम्सचा पुतळा २०१८ सालीं हलविण्यांत आला. पुतळा हलविल्यानें इतिहास बदलत नाहीं हें खरें. परंतु ज्या इतिहासाच्या आधारावर तो उभारला होता तो एकपक्षी होता, एवढी कबुली त्यांत आहे.

(३) तीन साक्षीदार व नंतरचें मौन

सिम्सच्या वर्णनांत भर स्नायूच्या आकुंचनावर होता. देवडीच्या पृष्ठभागाच्याच वेदनेकडे ज्यांनीं लक्ष दिलें असे तीन साक्षीदार पुढील सत्तर वर्षांत आढळतात, आणि तिघेहि अमेरिकेंतील नामांकित स्त्रीरोगवैद्य आहेत.

पहिला साक्षीदार न्यूयॉर्कचा थिओडोर गेलार्ड थॉमस. आपल्या स्त्रीरोगांवरील ग्रंथाच्या १८८० सालच्या आवृत्तींत त्यानें योनिमुखाच्या अतिसंवेदनेचें वर्णन केलें आहे. किंचित् घर्षणहि असह्य होतें, थंड वाऱ्याची झुळूकहि बाधते, योनिद्वार निरोगी व पुरेसें मोठें असूनहि समागम कष्टाचा होतो, असें तो लिहितो. आणि ह्या दुखण्याचें वर्णन इतरांनीं अधिक विस्तारानें केलें नाहीं ह्याचें आश्चर्य व्यक्त करतो. दुसरा साक्षीदार ब्रुकलिनचा अलेक्झांडर स्कीन. १८८८ सालच्या त्याच्या ग्रंथांत, तांबूसपणा वा दुसरें कोणतेंहि बाह्य चिन्ह नसतांना परीक्षकाच्या बोटाचा स्पर्श होतांच रोगिणी किंचाळते इतकी वेदना होते, असें सांगितलें आहे. तिसरा जॉन्स हॉपकिन्सचा हॉवर्ड केली. त्यानें १९२८ सालीं योनिपडद्याच्या कडेवरील गडद तांबड्या व अतिशय हळव्या ठिपक्यांचा उल्लेख करून समागमवेदनेचें तें एक मोठें कारण असल्याचें नमूद केलें.

साक्षीदार स्वतंत्र आहेत, प्रतिष्ठित आहेत, आणि त्यांच्या साक्षी परस्परांशीं जुळतात. कोणत्याहि न्यायालयांत एवढ्यावर मुद्दा शाबीत झाला असता. परंतु घडलें तें विपरीत. केलीनंतर सुमारें अर्धें शतक हें दुखणें वैद्यकाच्या मुख्य प्रवाहांतून जवळजवळ नाहींसें झालें. दुखणें नाहींसें झालें नव्हतें. तें निराळ्या नांवाखालीं गेलें. डोळ्यांस कांहीं दिसत नाहीं, तर वेदना मनांतली, लग्नाच्या अस्वस्थतेची, पतीविषयींच्या अप्रीतीची, अशी उपपत्ति ह्या काळांत बळावली. मनाचा व वेदनेचा संबंध नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं; तो सर्वच जुनाट वेदनांत असतो. आमचा आक्षेप पद्धतीवर आहे. पुरावा दिसत नाहीं म्हणून साक्षीदारच अविश्वसनीय ठरविणें ही पद्धति इतिहासांत चालत नाहीं, ती वैद्यकांतहि चालूं नये.

ह्या काळाचा शेवट कसा झाला हें सांगणारा एक दाखला विशेष बोधप्रद आहे. १९७८ सालीं डॉडसन व एडुआर्ड फ्रीड्रिख ह्या दोघां अमेरिकन वैद्यांनीं योनीच्या व योनिमुखाच्या मनोजन्य दाहावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या नांवांतच दुखण्याचें मूळ मनाकडे दिलेलें होतें. नऊ वर्षांनीं, १९८७ सालीं, त्याच फ्रीड्रिखनें देवडीच्या वेदनेचीं तीन निश्चित लक्षणें ठरवून दिलीं : स्पर्शानें वा प्रवेशाच्या प्रयत्नानें तीव्र वेदना, देवडीपुरता दाबाचा हळवेपणा, आणि तेथील तांबूसपणा. पुढें कित्येक वर्षें जगभरचे वैद्य हीं लक्षणें प्रमाण मानीत आले. एका विद्वानानें नऊ वर्षांत आपली दिशा इतकी बदलावी ही गोष्ट त्याच्या प्रामाणिकपणाची द्योतक आहे. त्याचबरोबर, मधल्या पन्नास वर्षांत ज्या स्त्रियांस ‘तुम्हांस कांहींच झालेलें नाहीं’ असें सांगून परत पाठविलें गेलें असेल, त्यांची आठवण ह्या दाखल्यानें झाल्यावांचून राहत नाहीं.

(४) शस्त्र पुन्हां हातीं येतें

योनिमुखाच्या रोगांचा अभ्यास करणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९७० सालीं स्थापन झाली. १९७६ सालीं पेलिस व ह्यूइट ह्यांनीं देवडीवरील तांबड्या हळव्या चट्ट्यांचें वर्णन केलें. १९८४ सालीं उक्त संस्थेच्या समितीचा अहवाल प्रसिद्ध होऊन व्हल्व्होडिनिया हा शब्द रूढीस लागला. शस्त्राकडे मात्र वैद्य त्यापूर्वींच वळले होते. जॉन्स हॉपकिन्स येथील डोनाल्ड वुड्रफ व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९८१ सालीं समागमवेदनेवर योनिद्वाराच्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत दिला, आणि १९८३ सालीं वुड्रफ व पार्मली ह्यांनीं देवडीच्या सूक्ष्म ग्रंथींविषयीं निबंध लिहिला. ज्या संस्थेंत केलीनें ते तांबडे ठिपके पाहिले होते, तेथेंच अर्ध्या शतकानंतर त्यांच्यावर शस्त्र चाललें.

ह्या शस्त्रक्रियेस ‘व्हेस्टिब्युलेक्टमी’ म्हणजे देवडीचें छेदन म्हणतात. देवडीचा घोड्याच्या नालाच्या आकाराचा हळवा भाग योनिपडद्याच्या कडेसह कापून काढावयाचा, योनीचें आंतलें अस्तर थोडें मोकळें करून पुढें ओढून घ्यावयाचें, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर तें पसरून आपोआप विरघळणाऱ्या टांक्यांनीं शिवावयाचें, असा तिचा स्थूल क्रम आहे. १९९६ सालीं अमेरिकेंतील मार्था गेट्श ह्यांनीं तिचा एक अधिक उथळ व आटोपशीर प्रकार प्रसिद्ध केला. वेदना देवडीपुरती असेल व सौम्य उपचार करून उपयोग झाला नसेल, तरच हा मार्ग सुचवितात. सर्व योनिमुखभर पसरलेल्या वेदनेवर तो सहसा योजीत नाहींत.

कापलेल्या भागांत काय सांपडलें हाहि इतिहासाचाच भाग आहे. फ्रीड्रिखनें ठेविलेलें ‘व्हेस्टिब्युलायटिस’ हें नांव दाहसूचक होतें. परंतु १९९८ सालीं स्वीडनमधील दोन निरनिराळ्या संशोधकमंडळींनीं सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें तेव्हां देवडीच्या आवरणांत वेदनेच्या तंतूंची वाढ झालेली आढळली. ज्या जागीं ‘कांहींच दिसत नाहीं’ असें म्हणत आले होते, तेथें पाहण्याचें साधन मिळतांच दिसूं लागलें. पुढें २००३ सालीं आंतरराष्ट्रीय संस्थेनें दाहसूचक नांव सोडून केवळ वेदना दर्शविणारें नांव स्वीकारलें. रोगिणी पूर्वींपासून दाह म्हणत नव्हती, दुखतें म्हणत होती; शास्त्राची परिभाषा अखेर तिच्या शब्दावर आली.

(५) बरें होणें म्हणजे काय

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. शस्त्रक्रियेस एक तारीख असते, म्हणून ती सहज नोंदली जाते. बरें होण्यास तारीख नसते. पहिल्या दिवसांत सूज व ठणका असतो. त्यावर कापडांत गुंडाळलेल्या बर्फाचा शेक, कुशीवर निजणें, कोमट पाण्याच्या टबांत बसणें, शौचास जोर लागूं नये म्हणून मल मऊ ठेवणें, हे उपाय असतात. फार वेळ बसवत नाहीं. लघवी करतांना जळजळ होते. कांहीं आठवड्यांत टांके विरघळतात. क्वचित् रक्त सांखळतें, जखम उसवते, किंवा बार्थोलिनच्या ग्रंथीचें तोंड बंद होऊन गांठ येते. सहा आठवड्यांच्या सुमारास जखम भरली कीं नाहीं हें पाहतात, आणि जुन्या पद्धतीच्या टिपणांत येथेंच ‘बरी झाली’ असा शेरा पडून प्रकरण मिटत असे.

रोगिणीच्या दृष्टीनें मात्र अवघड प्रकरण येथून पुढें सुरू होतें. ज्या स्त्रीनें वर्षानुवर्षें प्रत्येक स्पर्शाबरोबर वेदना अनुभवली, तिच्या ओटीपोटाच्या तळाचे स्नायू स्पर्शाची चाहूल लागतांच आवळून घेण्यास शिकलेले असतात. कातडी कापली म्हणून ती शिकवण कापली जात नाहीं. म्हणून स्नायू सैल करण्याचे व्यायाम, ह्या कामांत तरबेज असलेल्या उपचारिकेचें साहाय्य, आणि लहान आकारापासून क्रमानें वाढत जाणाऱ्या नळ्या हीं साधनें पुढें कित्येक महिने वापरावीं लागतात. गेट्श ह्यांनीं २००७ सालीं शस्त्रक्रियेस स्नायूंच्या उपचाराची जोड दिलेल्या रोगिणींचा वृत्तांत प्रसिद्ध केला तो ह्याच जाणिवेनें. सिम्सची कांचेची नळी अशा रीतीनें दीड शतकानंतरहि आपल्या वंशजांसह हजर आहे. फरक एवढाच, परंतु तो मोठा, कीं तेव्हां तास वैद्यानें नेमले होते. आतां कोणत्या आकारावर किती दिवस थांबावें हें रोगिणी काय सांगते त्यावरून ठरतें.

ह्या काळाची पद्धतशीर नोंद कानडांतील माँट्रिअल येथें सोफी बेर्जराँ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केली. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासांत ७८ स्त्रियांस चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें तीन गटांत वांटलें होतें : एकीस शस्त्रक्रिया, दुसरीस विचार व वर्तन ह्यांवरील सामुदायिक मानसोपचार, तिसरीस यंत्राच्या साहाय्यानें स्नायूंचें शिक्षण. तिन्ही गटांतील वेदना कमी झाल्या, आणि सहा महिन्यांनंतर पाहतां शस्त्रक्रियेचा गट सर्वांत पुढें होता. शस्त्रवाद्यांस येथें विजयपताका उभारतां आली असती. परंतु संशोधकांनीं स्वतःच इशारा दिला कीं, शस्त्रक्रियेच्या गटांत पडलेल्या ७ स्त्रियांनीं ती करून घेण्यास नकार दिला होता. सबब तुलना जपून करावी. अनार्काच्या काळीं ज्या नकारास जागाच नव्हती, तो नकार येथें आंकड्यांत नोंदला गेला व निष्कर्षास मर्यादा घालता झाला.

त्याच स्त्रियांची पुन्हां चौकशी अडीच वर्षांनीं झाली व तिचा वृत्तांत २००८ सालीं आला. आमच्या मतें ह्या संपूर्ण विषयांतील हें सर्वांत मोलाचें साधन होय. कापसाच्या काडीनें दाबून पाहतां शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांची देवडी अजूनहि इतरांपेक्षां कमी दुखत होती. परंतु समागमकाळीं प्रत्यक्ष किती दुखतें असें स्त्रियांस विचारलें, तेव्हां मानसोपचाराचा गट शस्त्रक्रियेच्या गटाच्या बरोबरीस आलेला होता.

एकाच घटनेविषयीं दोन साधनें दोन निरनिराळ्या गोष्टी सांगत आहेत. अशा वेळीं इतिहासकार एक साधन फेंकून देत नाहीं. प्रत्येक साधन कोणत्या प्रश्नाचें उत्तर देतें हें तो पाहतो. काडीची परीक्षा देवडीविषयीं सांगते, आणि त्या कामीं शस्त्र श्रेष्ठ ठरलें हें नाकारतां येत नाहीं. जिला हें दुखणें आहे अशा एखाद्या स्त्रीस तो दिलासा फार मोठा आहे. परंतु स्त्री वैद्याकडे गेली ती देवडी बरी करून घेण्यास नव्हे, आपलें जगणें बरें करून घेण्यास. आणि त्या प्रश्नाचें उत्तर काडीपाशीं नाहीं, तिच्यापाशीं आहे. केवळ काडीवर भिस्त ठेवली तर जिला अजून दुखतें तीहि बरी झालेल्यांत मोजली जाईल, व पुन्हां एकदां तिचें दुखणें मनावर ढकललें जाईल. उलट, शस्त्रावांचून जी सुधारली असती तिला उगाच कापलें जाईल. साधनांची प्रतवारी चुकल्यास दोन्ही बाजूंनीं माणसाचेंच नुकसान होतें.

(६) उपसंहार

रोगिणींनीं स्वतः कागद करण्यास सुरुवात केली ती अगदीं अलीकडे. अमेरिकेंत ह्या दुखण्याच्या रोगिणींनींच १९९४ सालीं आपली एक राष्ट्रीय संस्था काढली. २००१ सालीं सुझॅना केसेन ह्या अमेरिकन लेखिकेनें आपल्या ह्याच जागेच्या दुखण्यावर एक आत्मकथनपर ग्रंथ प्रसिद्ध केला. २००३ सालीं हार्लो व स्ट्युअर्ट ह्यांनीं बॉस्टनच्या परिसरांतील स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. तींत सुमारें शेंकडा १६ स्त्रियांनीं निदान तीन महिने टिकलेली अशी वेदना आयुष्यांत केव्हां ना केव्हां झाल्याचें सांगितलें. त्यांपैकीं सुमारें शेंकडा ४० जणींनीं कधींच उपचार मागितला नव्हता, आणि ज्यांनीं मागितला त्यांपैकीं शेंकडा ६० जणींस तीन वा अधिक वैद्यांचे उंबरठे झिजवावे लागले होते. आपल्या भाषेंत ह्या शेंकडा चाळीसांच्या वागण्यास ‘दुखणें अंगावर काढणें’ असा शब्दप्रयोग आहे. तो बहुधा कौतुकानें वापरतात. ह्यापुढें तो वापरतांना थोडें थांबावें असें आम्हांस वाटतें.

येथवरच्या विवेचनाचा निष्कर्ष असा कीं, वेदनेच्या इतिहासांत रोगिणीचें म्हणणें हाच अस्सल कागद होय. वैद्याचें टिपण, सूक्ष्मदर्शकाचें चित्र व काडीची परीक्षा हीं त्यास पुष्टि देणारीं साधनें आहेत, त्याची जागा घेणारीं नव्हेत. थॉमस, स्कीन व केली ह्यांच्या साक्षी खऱ्या ठरल्या त्या त्यांनीं रोगिणीचें किंचाळणें लिहून ठेविलें म्हणून. मधलें अर्धें शतक फुकट गेलें तें तें कोणी लिहून घेतलें नाहीं म्हणून.

शस्त्रक्रिया होऊन घरीं आलेल्या स्त्रीच्या कुटुंबियांसहि ह्या इतिहासांतून एक गोष्ट घेतां येण्यासारखी आहे. सहा आठवडे झाले, जखम भरली, आतां काय दुखतें, असा प्रश्न जेथें निघतो तेथें सिम्सचा निर्वाळा अजून बोलत असतो. त्याऐवजीं आज कसें आहे असें विचारावें व उत्तर येईल तें मानावें. आणि ज्या वाचकांच्या घरीं आजी-पणजींचीं पत्रें, दवाखान्याचीं जुनीं टिपणें वा रोजनिशा असतील व त्यांत अशा दुखण्याची एखादी ओळ असेल, त्यांनीं ती लाजेनें फाडूं नये. नांवगांव झांकून ती जतन करावी. जावयास जें सांगतां आलें नाहीं तें कागदास सांगितलेलें असण्याचा संभव आहे, आणि तसा एक कागद मिळाला तरी आमच्या ह्या म्हणीस दुसरी बाजू मिळेल.